हॉट स्टोव्ह लीग

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा एक हंगाम संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत खेळाडूंच्या अदलाबदली, नवे करार आणि संघबांधणी यांविषयी चाहत्यांमध्ये जो वाद रंगतो, त्याला ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात. वर्ल्ड सिरीज ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या प्रारंभी संपते आणि फेब्रुवारीच्या मध्यास संघ ॲरिझोना व फ्लॉरिडा येथील सराव शिबिरांत जमतात. मधल्या सुमारे साडेतीन महिन्यांत एकही सामना होत नाही, तरी खेळाची चर्चा थांबत नाही. पूर्वी थंडीच्या दिवसांत गावातल्या वाणसामानाच्या किंवा केस कापण्याच्या दुकानात लोखंडी शेगडीभोवती लोक जमत आणि सरलेल्या व येणाऱ्या हंगामावर बोलत बसत. त्यावरून हे नाव पडले.

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो. तेथे आयपीएलसारखा खेळाडूंचा खुला लिलाव नसतो. खेळाडूचा करार हीच संघाची मालमत्ता असते आणि सर्वसाधारणपणे खेळाडूला न विचारता ती दुसऱ्या संघाला देता येते. बदल्यात दुसरे खेळाडू, क्वचित रोख रक्कम किंवा ‘नंतर ठरवायचा खेळाडू’ मिळतो. १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने हॅरी चिटी या कॅचरला क्लीव्हलँडकडून अशाच नंतर ठरवायच्या खेळाडूच्या बदल्यात घेतले आणि पुढे तो खेळाडू म्हणून चिटीलाच परत धाडले. व्यवहाराला इतकी मोकळीक असल्यामुळेच चाहत्याच्या कल्पनाशक्तीला वाव मिळतो. आपल्या संघाचे दोन तरुण पिचर देऊन समोरचा शॉर्टस्टॉप आणता येईल का, हा प्रश्न कोणीही मांडू शकतो आणि त्याचे उत्तर कोणालाही खोडता येते.

या वादांचे स्वरूप खेळाडूंच्या हक्कांच्या इतिहासाशी बांधलेले आहे. १८७९ पासून संघमालकांनी ‘रिझर्व्ह’ची पद्धत सुरू केली. करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क तिच्यामुळे संपत नसे. पुढे ती प्रत्येक करारातील कलम बनली आणि जवळजवळ शतकभर टिकली. त्या काळात खेळाडूला आपला संघ निवडण्याचा अधिकार नव्हता. त्याला विकणे, बदलणे किंवा ठेवून घेणे सर्वस्वी मालकाच्या हाती असे. साहजिकच चाहत्यांचा राग आणि कौतुक दोन्ही मालकाच्या वाट्याला येत. बॉस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी डिसेंबर १९१९ मध्ये बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला विकण्याचे ठरवले आणि जानेवारी १९२० मध्ये ते जाहीर झाले. किंमत होती १ लाख डॉलर. रूथने १९१९ मध्ये २९ होमरनचा विक्रम केला होता. यांकीजकडून पहिल्याच वर्षी त्याने ५४ मारले. रेड सॉक्सने १९१८ नंतर थेट २००४ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. मधल्या ८६ वर्षांत बॉस्टनमधील कोणत्याही हिवाळी चर्चेत हा व्यवहार निघाल्याशिवाय राहत नसे.

फ्रँक लेन या सरव्यवस्थापकाला अदलाबदलीचा इतका सोस होता, की ‘ट्रेडर लेन’ हे त्याचे टोपणनावच झाले. सेंट लुईस कार्डिनल्समध्ये असताना त्याने १९५६ मध्ये स्टॅन म्युझियल या शहराच्या लाडक्या खेळाडूचाच सौदा जुळवत आणला होता. मालकाने तो रोखला. पुढे क्लीव्हलँडमध्ये एप्रिल १९६० मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, त्याने रॉकी कोलाविटो डेट्रॉइटला देऊन हार्वी क्युएन घेतला. कोलाविटो आदल्या वर्षी ४२ होमरन मारून अमेरिकन लीगमध्ये संयुक्तपणे पहिला आला होता, तर क्युएन .३५३ च्या सरासरीने फलंदाजीत अव्वल होता. कागदावर सौदा तुल्यबळ दिसत असला तरी क्लीव्हलँडच्या चाहत्यांनी तो कधीच माफ केला नाही. खेळाडूचे मोल आकड्यांवर ठरते की त्याच्याविषयीच्या जिव्हाळ्यावर, हा प्रश्न या प्रकरणात उघडपणे पुढे आला. तो अजून सुटलेला नाही.

खेळाडूची बाजू ऐरणीवर आणण्याचे श्रेय कर्ट फ्लड याचे आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्डिनल्सने त्याला फिलाडेल्फिया फिलीजकडे धाडले. बारा हंगाम एका शहरात खेळलेल्या फ्लडने जायला नकार दिला. आपण विकत घेण्या-विकण्याची वस्तू नाही, असे त्याने आयुक्त बोवी कून यांना लिहून कळवले आणि खटला भरला. सर्वोच्च न्यायालयात १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी तो हरला. त्याची कारकीर्दही तेथेच संपल्यात जमा झाली. पण १९७३ च्या सामूहिक करारात एक नवी तरतूद आली. मेजर लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यांतली अखेरची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारता येऊ लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिकागो कब्जच्या रॉन सँटोने हा अधिकार प्रथम वापरला. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निर्णय दिला आणि रिझर्व्ह कलमाचा कणा मोडला. मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेचा हा सर्वांत मोठा विजय होता. चाहते एखाद्या खेळाडूचे नाव सौद्याच्या यादीत सहज टाकतात. त्या खेळाडूला घर आणि मुलांची शाळा आहे याचे भान हिवाळी चर्चेला फ्लडमुळे आले, आणि ते अजूनही पुरेसे रुजलेले नाही.

साइट्झ निर्णयानंतर वादाला दुसरा पाया मिळाला, तो मुक्त खेळाडूंचा. आजच्या नियमांनुसार सहा वर्षांची सेवा पूर्ण केलेला खेळाडू करार संपताच कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. पहिली सुमारे तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास मिळते. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. त्यानंतर तीन वर्षे वेतन लवादापुढे जाता येते. तेथे खेळाडू आणि संघ एकेक आकडा मांडतात आणि लवादाला त्यांतला एकच स्वीकारावा लागतो, मधला आकडा ठरवता येत नाही. सेवेचे एक वर्ष १७२ दिवसांचे धरतात. २०१५ मध्ये कब्जने क्रिस ब्रायंटला हंगाम सुरू होऊन थोडे दिवस लोटल्यावर कनिष्ठ संघातून मुख्य संघात बोलावले, त्यामुळे त्याचे त्या वर्षी १७१ दिवस भरले आणि त्याचे मुक्त होणे एका वर्षाने लांबले. त्या हंगामात तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. जाणकार चाहता खेळाडूच्या सरासरीइतकेच त्याच्या सेवेच्या दिवसांकडे लक्ष ठेवतो, कारण सौद्यात खेळाडूबरोबर त्याची ‘उरलेली वर्षे’ही येतात.

हिवाळ्याचे वेळापत्रकही चर्चेला गती देते. वर्ल्ड सिरीजनंतर काही दिवसांतच मुक्त खेळाडूंचा बाजार खुला होतो. जुना संघ आपल्या निवडक खेळाडूंपुढे एका वर्षाचा, ठरावीक रकमेचा प्रस्ताव ठेवू शकतो. ही रक्कम सर्वाधिक वेतन घेणाऱ्या १२५ खेळाडूंच्या सरासरीवरून काढतात. खेळाडूने तो नाकारून दुसरा संघ गाठला, तर त्या संघाला नवोदितांच्या निवडीतील हक्क गमवावे लागतात. नोव्हेंबरमध्येच संघांना आपली ४० जणांची यादी नीट लावावी लागते आणि लवादास पात्र असलेल्यांपैकी कोणाला करार द्यायचा नाही हे ठरवावे लागते. डिसेंबरमध्ये सर्व संघांचे अधिकारी हिवाळी बैठकांसाठी एका हॉटेलात एकत्र येतात. १९७५ च्या बैठकीत शिकागो व्हाइट सॉक्सचे बिल व्हेक यांनी हॉटेलच्या दालनात टेबल मांडून ‘धंदा सुरू आहे’ अशा अर्थाची पाटी लावली आणि भर लोकांत सौदे केले. दर वर्षीच्या या हिवाळी बैठकांतच ‘रूल फाइव्ह’ निवड होते. ४० जणांच्या यादीबाहेर ठेवलेला खेळाडू दुसरा संघ १ लाख डॉलर भरून उचलू शकतो, मात्र त्याला पुढचा सबंध हंगाम मुख्य संघात ठेवावे लागते. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने असाच उघडा ठेवलेला रॉबर्टो क्लेमेंटे पिट्सबर्ग पायरेट्सने उचलला आणि तो पुढे ३,००० हिट्सपर्यंत पोहोचला. यादीतली चाळिसावी जागा कोणाला द्यावी यावर चाहते आठवडेच्या आठवडे का भांडतात, याचे उत्तर या एका नावात आहे.

वादाच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच द्वंद्व असते: आज जिंकायचे की उद्यासाठी गुणी पोरे राखायची. सिद्ध खेळाडू महाग असतो, वयाने उतरणीला लागलेला असतो आणि लवकर मुक्त होतो. कनिष्ठ संघांतला होतकरू खेळाडू स्वस्त असतो, अनेक वर्षे ताब्यात राहतो, पण त्यांतले पुष्कळ वर येतच नाहीत. आपल्या संघाची पोरे चाहत्यांना नेहमी अधिक मोलाची वाटतात आणि समोरच्याचा तारा अधिक सहज मिळेल असे वाटते. त्यामुळे ‘आपले तीन साधारण खेळाडू देऊन त्यांचा एक अव्वल घ्यावा’ हा प्रस्ताव दर हिवाळ्यात शेकडो रूपांत मांडला जातो आणि तो नेहमीच फसतो, कारण समोरच्या संघाने तो का स्वीकारावा याचे उत्तर त्यात नसते. समोरच्या संघाची गरज, त्याचा वेतनखर्च आणि त्याच्या यादीतील मोकळ्या जागा यांचा विचार करून मांडलेला प्रस्ताव हाच या चर्चेतील खरा कस होय.

वितंडवादात पुरावा म्हणून जुने सौदे पुढे केले जातात. डिसेंबर १९६५ मध्ये सिनसिनाटी रेड्सने तिशीतल्या फ्रँक रॉबिन्सनचे वय झाले असे मानून त्याला बाल्टिमोर ओरिओल्सकडे धाडले. मुख्य मोबदला होता पिचर मिल्ट पॅपस. रॉबिन्सनने १९६६ मध्ये .३१६ ची सरासरी, ४९ होमरन आणि १२२ धावांचे योगदान देऊन तिन्ही याद्यांत पहिला क्रमांक मिळवला आणि बाल्टिमोरने वर्ल्ड सिरीज जिंकली. डिसेंबर १९७१ मध्ये मेट्सने जिम फ्रेगोसीसाठी कॅलिफोर्निया एंजल्सला चार खेळाडू दिले. त्यांत चोवीस वर्षांचा, चेंडूवर ताबा नसलेला नोलन रायन होता. त्याने कारकिर्दीत ५,७१४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. वयाचा आणि दुखापतीचा अंदाज किती फसवा असतो, याचे ताजे उदाहरण क्रिस सेलचे. सतत जायबंदी राहिलेल्या सेलला रेड सॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये वॉन ग्रिसमच्या बदल्यात अटलांटा ब्रेव्हजला दिले. २०२४ मध्ये सेलने १८ विजय आणि २२५ स्ट्राइकआउटसह नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार मिळवला.

या गप्पांनी बेसबॉलच्या ज्ञानात मोलाची भर घातली, आणि त्यांचे महत्त्व मुख्यतः यातच आहे. १९७१ मध्ये कूपर्सटाउन येथे बेसबॉलच्या अभ्यासकांची संस्था ‘सेबर’ स्थापन झाली. कॅन्ससमधील एका अन्नप्रक्रिया कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी असलेल्या बिल जेम्स यांनी १९७७ पासून ‘बेसबॉल ॲबस्ट्रॅक्ट’ ही वार्षिके स्वतः छापून काढली. फलंदाजाची सरासरी त्याचे खरे मोल सांगत नाही, बेस गाठण्याची क्षमता अधिक बोलकी आहे, असे विचार या बाहेरच्या माणसांनी आकड्यांनिशी मांडले. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी ‘रोटिसरी’ हा खेळ सुरू केला. त्यात प्रत्येक जण काल्पनिक संघाचा मालक होऊन खऱ्या खेळाडूंचे सौदे करतो. ओकलंड ॲथलेटिक्सने अल्प खर्चात नव्या आकडेशास्त्रावर संघ उभारला. मायकेल लुईस यांच्या २००३ मधील ‘मनीबॉल’ने ती गोष्ट सर्वांपर्यंत पोहोचवली. त्याच सुमारास रेड सॉक्सने जेम्स यांना सल्लागार नेमले आणि २००४ मध्ये तो संघ अजिंक्य झाला. आज ‘वॉर’ हा एकत्रित निर्देशांक, म्हणजे सहज मिळणाऱ्या पर्यायी खेळाडूपेक्षा एखादा खेळाडू किती विजय जास्त मिळवून देतो त्याचा अंदाज, चाहत्यांच्या आणि संघ कार्यालयांच्या बोलण्यात सारखाच येतो. निर्देशांक मागच्या हंगामाचा हिशेब देतो. पुढच्याचा अंदाज माणसालाच करावा लागतो, हे मात्र बोलण्याच्या भरात विसरले जाते.

पैशाचा हिशेबही चर्चेचा भाग झाला आहे. मेजर लीगमध्ये वेतनावर सक्त कमाल मर्यादा नाही. ठरावीक उंबरठ्यापुढे कर भरावा लागतो. २०२५ मध्ये हा उंबरठा २४ कोटी १० लाख डॉलर होता. २०१८ चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू मूकी बेट्स मुक्त व्हायला एक वर्ष उरले असताना बॉस्टनने फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडले. त्याच वर्षी डॉजर्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. श्रीमंत संघाने खर्च वाचवण्यासाठी आपला सर्वोत्तम खेळाडू सोडावा का, यावर बॉस्टनमध्ये उठलेला राग रास्त होता.

अफवा हे या काळाचे इंधन आहे. डिसेंबर २००३ मध्ये ॲलेक्स रॉड्रिग्ज बॉस्टनला जाणार हे जवळपास ठरले होते, पण त्यासाठी त्याच्या कराराचे मूल्य घटत असल्याने खेळाडू संघटनेने सौदा अडवला. दोन महिन्यांनी तो यांकीजकडे गेला. ८ डिसेंबर २०२३ रोजी शोहेई ओहतानी टोरांटोला निघाल्याची बातमी पसरली आणि हजारो चाहत्यांनी एका खासगी विमानाचा मार्ग नकाशावर पाहत दिवस काढला. विमानात दुसराच प्रवासी होता. दुसऱ्या दिवशी ओहतानीने डॉजर्सशी १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला; त्यातील ६८ कोटी करारकाळानंतर द्यायचे आहेत. वर्षभरात हुआन सोतोने मेट्सशी १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाखांचा करार करून तो आकडाही मागे टाकला. २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ या संघमालकांनी पुकारलेल्या ९९ दिवसांच्या टाळेबंदीत संघांना सौदे करायला बंदी होती, तेव्हा चाहत्यांचे वाद खेळाडूंवरून वेतनकर आणि लवाद यांच्या नियमांवर सरकले.

जपान आणि दक्षिण कोरियातही हिवाळी चर्चेला ‘स्टोव्ह लीग’च म्हणतात. या नावाची, एका हरणाऱ्या संघाच्या सरव्यवस्थापकावरची कोरियन दूरचित्रवाणी मालिका २०१९-२० मध्ये लोकप्रिय झाली. जपानी खेळाडूला मुक्त होण्याआधी अमेरिकेत जायचे असल्यास त्याचा संघ ‘पोस्टिंग’ पद्धतीने त्याचे नाव जाहीर करतो आणि अमेरिकी संघांना बोलणीसाठी ४५ दिवस मिळतात. इचिरो सुझुकी २००० मध्ये या मार्गाने सिअॅटल मरिनर्सकडे गेला, तर डिसेंबर २०२३ मध्ये योशिनोबू यामामोतोने डॉजर्सशी १२ वर्षांचा, ३२ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. आता ओसाका आणि लॉस एंजेलिस येथील चाहते एकाच खेळाडूच्या एकाच निर्णयावर, एकाच आठवड्यात वाद घालतात.