दिंडीतली म्हातारी माणसं आणि वाटेवरची सोय

शंभर वर्षांचा इतिहास लिहा असं मंडळींनी सांगितलं. विण्याचा मान कुणाकडं, कोणत्या मुक्कामाला कुणाची पंगत, हे बाकीचे लिहितीलच. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. आम्ही लिहितो ते दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल. पेरणीच्या दिवसांत तरणा माणूस रानात अडकतो, पंढरीची वाट धरतात ते म्हातारा-म्हातारीच.

हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींच्या सोहळ्याला शिस्त लावून दिली. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. आमच्या लहानपणी जुनी माणसं सांगायची, की पाय थकले की सामानाच्या बैलगाडीत बसवायचं. पालं, पोती, भांडी, आणि त्यावर एखादी आजी. तापानं फणफणलेला माणूस मुक्कामाच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर ठेवायचा आणि परतवारीला न्यायचा. ती घरं हाच तेव्हाचा दवाखाना. कुणी परतवारीला उठून उभा असायचा, कुणाचा नुसता निरोप मिळायचा. त्या घरांची नावं कुठल्या वहीत नाहीत, याचं आम्हाला वाईट वाटतं.

मग एसटी आली. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. पुढं गाड्या खेड्यात पोचल्या तशी थकलेल्यांची मोठी सोय झाली. पासष्टीनंतर अर्धं तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढं फुकट. आता म्हातारं माणूस पंढरपुरावरून एकटं घरी येतं, तिकिटासाठी पोरापुढं हात पसरत नाही. ही गोष्ट लहान नाही. २०१४ पासून १०८ ची गाडी आली, आणि २०२३ पासून आरोग्य खात्यानं ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ म्हणून वाटेवर दवाखाने लावले.

एवढं असून माणूस मधल्या मध्ये अडकायचा. पुणे ते सासवड हा लांब पल्ला, वर दिवे घाट, आणि त्या दिवशी बहुतेक एकादशी. आमच्यातल्या एका साखरेच्या दुखणेकऱ्याला घाटात भोवळ आली. गोळ्या पिशवीत, पिशवी ट्रकमध्ये, आणि ट्रक केव्हाच पुढच्या तळावर गेलेला. एका दवाखान्यात नेलं तर तिथं विचारलं, नातेवाईक कोण? गोळी कोणती चालू आहे? टाळकऱ्याला काय ठाऊक! माऊलींच्या कृपेनं माणूस वाचला, पण त्यात दुपार गेली.

त्यानंतर वैशाखात मारुतीच्या देवळात बैठक बसू लागली. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई, आशाताई, ग्रामपंचायत, बचत गटाच्या बायका, तरुण मंडळ आणि दिंडीचे आम्ही. आशाताईला घरोघरचं दुखणं ठाऊक, तिनं यादी करायची. नर्सबाईंनी साखर आणि दाब तपासायचा. बचत गटानं कापडी पिशव्या शिवल्या. त्यात महिन्याच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी: नाव, गाव, दुखणं, घरचा फोन. पिशवी गळ्यात, ट्रकमध्ये नाही. मंडळाची दोन पोरं दिंडीच्या शेवटाला चालतात, मागं पडलेल्याला सोडून पुढं जायचं नाही. एकादशीला गोळी घेणाऱ्यांनी उपास धरायचा नाही, हे आम्ही कीर्तनातच सांगतो. डॉक्टरचं ऐकत नाहीत, बुवाचं ऐकतात.

अवघड जातं ते नाही म्हणणं. तपासणीत ज्याला चालणं झेपणार नाही असं निघतं, तो रुसतो. चाळीस वाऱ्या झालेल्या माणसाला घरी बस म्हणायला आमचीही जीभ रेटत नाही. त्यांच्यासाठी तोड काढली. एसटीनं वाखरीला यायचं, तिथं दिंडीत मिसळायचं आणि शेवटची वाट टाळ वाजवत चालायची. पहिल्या वर्षी दोघंच तयार झाले. आता आधीच विचारायला येतात, वाखरीच्या गाडीत आमचं नाव आहे ना?

औंदा चिठ्ठ्या लिहायचं काम शाळेतल्या पोरांना दिलं आहे. त्यांचं अक्षर आमच्यापेक्षा बरं.