चिदंबरम चेट्टियार, एम. सीटी. एम.

(१९०८–१३ मार्च १९५४). मद्रासमधील (चेन्नई) उद्योजक, बँक-संस्थापक आणि शहरातील पहिल्या उत्तुंग व्यापारी इमारतीचे प्रवर्तक. जन्म नाट्टुकोट्टै चेट्टियार या सावकारी व व्यापारात अग्रेसर असलेल्या समाजात. वडील मुत्तय्या चेट्टियार. १९३७ मध्ये त्यांनी इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन केली. कारैकुडी, मद्रास व रंगून येथील शाखा एकाच दिवशी सुरू झाल्या. विमा व रेयॉन उद्योगांतही त्यांनी भांडवल गुंतवले.

युनायटेड इंडिया या आपल्या आयुर्विमा कंपनीसाठी त्यांनी माउंट रोडवर (अण्णा सालै) मनोरा उभारण्याचे ठरवले. १९५३ मध्ये काम सुरू झाले. पुढील वर्षी सिंगापूरच्या कलांग विमानतळावरील अपघातात त्यांचे निधन झाले. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्याने ही वास्तू आयुर्विमा महामंडळाकडे गेली. ब्राउन व मूलँ या वास्तुविशारदांनी आरंभिलेले काम मद्रासस्थित मराठी वास्तुविशारद एल. एम. चितळे यांनी पूर्ण केले. १९५९ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी उद्‌घाटन केलेली ही १७७ फूट (सु. ५४ मी.) उंच इमारत त्यावेळी भारतातील सर्वांत उंच इमारतींत गणली जाई.