स्टेपनीची गोष्ट

सोलापुरात होटगी रोडला माझ्या मामांचं गॅरेज होतं. कॉलेजात असताना मी इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एका क्लासला जाऊ लागलो. जादा चाक म्हणजे 'स्पेअर व्हील', मागचा सामानाचा कप्पा म्हणजे 'बूट'. 'स्टेपनी', 'डिकी' हे अडाण्यांचे शब्द, असं सर म्हणत. एका संध्याकाळी मामा म्हणाले, "लेका, स्टेपनी काढ की." मी गिऱ्हाइकांदेखत त्यांची चूक काढली. मामा काही बोलले नाहीत. स्वतःच उठले.

चूक माझी होती, हे फार उशिरा कळलं. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवून ट्यूब जोडायची. वेल्समधल्या लानेली गावी १९०४ साली डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेली, आऱ्या नसलेली रिम बिघडलेल्या चाकाला बाजूनं आवळून बसवायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ती 'स्टेपनी'. पुढं अख्खं चाकच बदलता येऊ लागलं. इंग्लंडात ते नाव मागं पडलं, आपल्याकडे टिकलं.

'डिकी'चंही तसंच. आधी घोडागाडीतली नोकराची मागची बैठक, मग मोटारीच्या पाठीमागं उघडणारं आसन. आसन गेलं, सामान आलं, नाव राहिलं.

मामांचं इंग्रजी चुकीचं नव्हतं, जुनं होतं. हे सांगायला गेलो तेव्हा गॅरेज बंद झालं होतं. मामा हसले. "नाव कुठलं का असेना," म्हणाले, "तिच्यात हवा आहे का, तेवढं बघत जा."