युरी अंतोनव : रेस्टॉरंटांनी मोठा केलेला संगीतकार

स्वतः चाल बांधायची आणि ती स्वतःच गायची, ही पद्धत सोव्हिएत सुगम संगीतात फारशी रूढ नव्हती. कवी शब्द लिहिणार, सरकारमान्य संगीतकार संघाचा सदस्य चाल देणार आणि गाणारा तिसराच, अशी तेथील घडी होती. युरी अंतोनव या संघाबाहेरचे. तरीही १९८०च्या दशकात त्यांची गाणी देशभर गायली गेली.

अंतोनव यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९४५ रोजी ताश्कंद येथे झाला. बालपण व संगीतशिक्षण बेलारूसमधील मोलोदेच्नो या छोट्या शहरात झाले. पुढे लेनिनग्राडच्या 'पोयुश्चिये गितारी' (गाणाऱ्या गिटारी) या वाद्यवृंदात ते दाखल झाले. 'तुझ्याहून सुंदर कोणी नाही' या अर्थाच्या गीताने त्यांची चाल प्रथम सर्वतोमुखी झाली. नाव मात्र मागाहून झाले.

सोव्हिएत संघात 'मेलोदिया' ही एकच सरकारी ध्वनिमुद्रिका कंपनी होती. कोणाची तबकडी काढायची, याचा निर्णय कला परिषदा घेत. अंतोनव यांच्या वाट्याला बराच काळ दोन-चार गाण्यांच्या छोट्या तबकड्याच आल्या. 'अराक्स' या रॉक वाद्यवृंदासोबत केलेली गाणी आणि १९८१चा 'स्त्रियांना जपा' हा चित्रपट यांनी त्यांची कीर्ती सर्वदूर नेली. 'तुझ्या घराचे छप्पर' ही मोठी तबकडी १९८३ साली निघाली, तोवर श्रोत्यांनी आपला कौल दिलेला होता.

हा कौल मोजला जाई तो रेस्टॉरंटांत. तेथील वादकांना रोज वाजविलेल्या गाण्यांची यादी भरून द्यावी लागे आणि त्यावरून मानधनाची रक्कम लेखक-संगीतकारांच्या खात्यावर जमा होई. या याद्या तंतोतंत खऱ्या असतच असे नाही. परदेशी गाणे वाजवून देशी गाण्याचे नाव लिहिण्याची वहिवाट होतीच. पण काळ्या समुद्राकाठच्या विश्रामस्थळांपासून सैबेरियापर्यंत अंतोनव यांच्या गाण्यांना फर्माईश होती, हे खरे. सर्वाधिक कमाईच्या सोव्हिएत संगीतकारांत त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. ज्याला संघाने जवळ केले नाही, त्याचे खाते संघाच्या सदस्यांपेक्षा भरलेले, ही अनेकांना बोचणारी गोष्ट होती.

या यशाचे रहस्य चालीत आहे. योसिफ कोब्झोन यांच्यासारख्यांचा भारदस्त, सभागृह भरून टाकणारा स्वर अंतोनव यांच्यापाशी नाही. त्यांचे गाणे साधे, घरगुती; पहिल्यांदा ऐकतानाच गुणगुणता येणारे. घर, रस्ता, समुद्र, आरसा हेच विषय. कवी मिखाईल प्ल्यात्स्कोव्स्की यांच्यासह त्यांनी कूझ्या नावाच्या नाकतोड्याची बालगीतेही केली. ती ऐकत एक पिढी वाढली.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर नवी गाणी विरळ झाली. १९९७ साली रशियाने त्यांना 'लोक कलाकार' हा किताब दिला. त्यानंतरच्या मैफलींतही श्रोते मागत राहिले ती १९८०च्या दशकातलीच गाणी.