चिलखत : मोजक्यांचेच संरक्षण

मध्ययुगीन युरोपातील योद्धा म्हटला, की नखशिखान्त पोलादात मढलेला घोडेस्वार डोळ्यांसमोर येतो. मात्र, सहाव्या ते अकराव्या शतकांना हे चित्र लागू पडत नाही. पत्र्याचे संपूर्ण चिलखत त्यानंतर काही शतकांनी आले. आरंभीच्या काळातील चिलखत म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला अंगरखा; तोही मोजक्यांच्याच अंगावर असे.

याचे मुख्य कारण किंमत. एका अंगरख्यासाठी हजारो कड्या घडवून गुंफाव्या लागत. सातव्या शतकातील रिपुआरी फ्रँकांच्या कायद्यात चिलखताचे मूल्य १२ सॉलिडस, शिरस्त्राणाचे ६, म्यानासह तलवारीचे ७, तर ढाल व भाला मिळून अवघे २ सॉलिडस असे दिले आहे. बैलाचे मूल्यही २ सॉलिडसच होते. म्हणजे एक चिलखत सहा बैलांच्या मोलाचे!

साहजिकच राजांनी चिलखताची सक्ती केली ती जमीनदारांवर. सम्राट शार्लमेनच्या इसवी सन ८०५ मधील आदेशानुसार, १२ 'मान्सस' जमीन असणाऱ्याने चिलखत बाळगणे बंधनकारक होते. (शेतकरी कुटुंबाच्या जमिनीचे हे एकक.) चिलखत असूनही ते मोहिमेवर न आणणाऱ्याची जहागीर चिलखतासह जप्त होई. त्याच सम्राटाने मठाधिपती फुलराड यांना पाठविलेल्या पत्रात घोडेस्वारांसाठी ढाल, भाला, तलवार, धनुष्यबाण यांची यादी आहे. चिलखताचा उल्लेख नाही. इंग्लंडमध्ये राजा एथेलरेडने १००८ मध्ये दर ८ 'हाइड' जमिनीमागे एक शिरस्त्राण व एक चिलखत मागितले.

उत्खननातही चिलखते क्वचितच सापडतात. इंग्लंडमधील सटन हू (१९३९) आणि नॉर्वेतील येर्मुंडबू (१९४३) येथील अवशेष त्यामुळेच मोलाचे ठरले. तथापि, केवळ दफनांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. लोखंड गंजते, मौल्यवान चिलखत वारसाकडे जाते आणि ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर मृतासोबत शस्त्रे पुरण्याची प्रथा मागे पडली. हेस्टिंग्जच्या १०६६ मधील लढाईचे चित्रण करणाऱ्या बायोच्या भरतकामात तर मृतांच्या अंगावरून चिलखते ओरबाडली जाताना दिसतात.

थोडक्यात, राजे, सरदार आणि त्यांचे निवडक अंगरक्षक चिलखत घालत. अकराव्या शतकापर्यंत त्यांची संख्या वाढली. शेत सोडून लढाईला आलेल्या सामान्य माणसाचा भरवसा मात्र हातातील लाकडी ढालीवर आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याच्या ढालीवरच होता.