ओप्पारीतून आलेला रॅप

तमिळ गायक अरिवू लोकगीताला रॅपचे ठिगळ लावतो, हा आक्षेप त्याची वाटचाल पाहता टिकत नाही. रॅप न्यूयॉर्कचा हे खरे, पण तमिळनाडूत मृताच्या दारी गायली जाणारी ओप्पारीही तालात बोलत, आठवत, जाब विचारतच पुढे सरकते. (पेटीही युरोपातूनच आली, भीमगीतांत ती कुणाला खटकली?) चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडमध्ये अरिवू चेन्नईच्या वस्त्यांतल्या 'गाना' या लोकशैलीच्या गायकांसोबत जातीविरुद्ध गायला. २०२१ च्या त्याच्या 'एन्जॉय एन्जामी' या गाण्यामागे श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या त्याच्या आजीची भूमिहीन पिढी आहे. गाणे जगभर गाजले. त्याच वर्षी या गाण्याची दखल घेणाऱ्या 'रोलिंग स्टोन इंडिया' मासिकाच्या मुखपृष्ठावर मात्र अरिवू नव्हता. टीका झाल्यावर त्याचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले.