पिवळ्या गोळीची कुळकथा

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारापासून एम्स आणि सफदरजंग ही दोन्ही रुग्णालयं जवळच. रक्ताचा कर्करोग झालेली लेकरं घेऊन उत्तर भारतातून आईबाप इथं येतात. त्यांच्या औषधांच्या पिशवीत बहुधा एक बारीक पिवळी गोळी असते, अडीच मिलिग्रॅमची मेथोट्रेक्सेट. तिचं मूळ आपल्या परळमध्ये आहे.

ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना जिवावर बेतणारा पंडुरोग होत होता. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी, आणि होत्या त्या फुगलेल्या. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून याचा पिच्छा पुरवला. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त, खारट अर्क दिल्यावर रक्त भरून येतं, हे त्यांनी 1931 मध्ये जगाला सांगितलं. त्या अर्कातला गुण फोलिक अॅसिड या जीवनसत्त्वाचा होता, हे पुढं उमगलं. त्या बायांचे उपकार वैद्यकाच्या इतिहासात फार कमी नोंदले गेलेत, याची मला खंत वाटते.

पुढं बोस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांना दिसलं, की ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फोलिक अॅसिड दिलं तर रोग उलट फोफावतो. मग ते तोडलं तर? भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत लेडर्ली कंपनीचं संशोधन सांभाळत होते. त्यांच्या चमूनं फोलिक अॅसिडचा तोतया बनवला, अमिनोप्टेरिन. पेशी त्याला खरं समजून आत घेते आणि डीएनए घडवताना अडकते. जून 1948 च्या निबंधात फार्बरनी लिहिलं: अमिनोप्टेरिन दिलेल्या 16 पैकी 10 मुलं सुधारली. सुधारणा टिकली नाही, पण तोवर एवढंही कुणाच्या हाती लागलं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचं त्यामानानं सौम्य भावंड.

एकटी गोळी पुरत नाही, चार-पाच औषधं जोडीनं लागतात. 1980 च्या दशकात परळचंच टाटा मेमोरियल, चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी एमसीपी 841 ही उपचारपद्धती राबवली. मेंदूत लपलेल्या पेशींसाठी तीत मेथोट्रेक्सेट पाठीच्या कण्यातून देत.

आजही मुख्य उपचारानंतर ही गोळी महिनोन्‌महिने चालते, पण आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. मोठा डोस शिरेतून दिला, की निरोगी पेशी वाचवायला मागोमाग फोलिनिक अॅसिड देतात, म्हणजे विल्सबाईंच्या त्याच जीवनसत्त्वाचं एक रूप. ते कधी आणि किती द्यायचं हे रक्तातली औषधाची पातळी मोजून ठरतं. म्हणून अशा मुलाला ‘रक्त वाढावं’ म्हणून डॉक्टरांना न विचारता फोलिक अॅसिडचं टॉनिक पाजू नये.